धावणाऱ्या पावलांना लाभलेली वाणी

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात यॉर्क नावाचे कारखान्यांचे एक शहर आहे. १४ ऑगस्ट १९५३ रोजी तेथील एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात लॉरेटा क्लेबोर्न हिचा जन्म झाला. सात भावंडांतली ही मधली. जन्मतःच दृष्टी अत्यंत अधू, पायात व्यंग, आणि बुद्धीची वाढ इतर मुलांपेक्षा मंद. डोळ्यांना थोडेफार दिसावे आणि पाय जमिनीवर सरळ टेकावा म्हणून लहानग्या वयातच तिला शस्त्रक्रियांना सामोरे जावे लागले. चार वर्षांची होईपर्यंत ती चालली नाही आणि बोललीही नाही. सात मुलांचा संसार एकटीने ओढणाऱ्या तिच्या आईला जाणत्या मंडळींनी सल्ला दिला, की या मुलीला सरकारी संस्थेत ठेवावे. तिच्या हातून काही होणार नाही आणि घरच्यांचीही ओढाताण होईल. आईने तो सल्ला मानला नाही. मूल आपले आहे, ते आपल्याच घरी राहील, एवढाच तिचा निर्णय होता. त्यामागे कोणतेही तत्त्वज्ञान नव्हते, आणि हाताशी पैसाही नव्हता.

या नकाराचे मोल कळण्यासाठी ‘संस्था’ या शब्दाचा त्या काळचा अर्थ ठाऊक असावा लागतो. त्याच पेनसिल्व्हेनिया राज्यात पेनहर्स्ट नावाची एक मोठी सरकारी संस्था १९०८ पासून चालू होती. बौद्धिक दुर्बलता असलेल्या मुलांना व प्रौढांना तेथे ठेवले जाई. १९६८ साली फिलाडेल्फियाच्या एका तरुण दूरचित्रवाणी वार्ताहराने कॅमेरा घेऊन आत प्रवेश केला आणि पाच भागांत तेथील स्थिती लोकांसमोर मांडली. पलंगांना बांधलेली माणसे, उघडीवाघडी मुले, दिवसचे दिवस भिंतीकडे पाहत बसलेले चेहरे, आणि त्या सर्वांना पुरे न पडणारे मोजके सेवक. ते पाहून राज्यभर हळहळ उमटली. पुढे खटले झाले, आणि अखेर १९८७ मध्ये पेनहर्स्टला टाळे लागले. लॉरेटाच्या आईने होकार दिला असता, तर तिची मुलगी अशाच एखाद्या दालनात वाढली असती.

शाळेची कथाही फारशी वेगळी नव्हती. ज्या मुलाचे ‘मानसिक वय’ पाच वर्षांचे झालेले नाही, त्याला प्रवेश नाकारण्याची मुभा त्या राज्याच्या कायद्याने शाळांना दिली होती. ‘शिकण्यास अयोग्य’ असा शिक्का बसलेल्या मुलाला घरी पाठवले जाई आणि ते सारे कायदेशीर ठरे. १९७१ मध्ये अशा मुलांच्या पालकांच्या संघटनेने राज्यालाच न्यायालयात खेचले. त्या दाव्यातून झालेल्या तडजोडीच्या हुकूमनाम्याने प्रत्येक मुलाचा सरकारी शिक्षणाचा हक्क मान्य केला, आणि त्याच धाग्यावर १९७५ चा राष्ट्रीय कायदा विणला गेला. मात्र लॉरेटाचे शाळेचे वय तोवर सरत आले होते. तिला शाळा लाभली ती वेगळ्या वर्गाची, आणि वर्गाबाहेर लाभली ती टिंगल. मुले नावे ठेवीत, पाठलाग करीत, मारीत. तिला धावण्याची पहिली गरज पडली ती त्यांच्यापासून सुटण्यासाठी. दुसरे कारण गोड होते. तिचा भाऊ धावपटू होता आणि त्याच्या मागोमाग धावणे तिला आवडू लागले. बारा वर्षांची असताना लागलेली ही सवय तिने पुढे कधी सोडली नाही.

धावल्याने टिंगल थांबली नाही. मोठी होता होता लॉरेटा रागीट झाली. कुणी हिणवले की हात उगारायची, भांडण करायची, त्यापायी कामही गमवायची. आपल्याकडे अशा व्यक्तींच्या गोष्टी सांगताना त्यांना सोशिक आणि निरागस दाखवण्याची रीत पडली आहे. ती रीत सोयीची असली तरी खरी नाही. दररोज अपमान सोसणारा माणूस संतापतो; बुद्धी मंद असली म्हणून मान मंद नसतो.

आता यॉर्कच्या या झोपडीवजा संसारातून एका श्रीमंत वाड्यात डोकावावे लागेल, कारण लॉरेटाच्या आयुष्याची वाट तेथूनच आली.

बोस्टनचे जोसेफ केनेडी हे मोठे धनिक व्यापारी. शेअर बाजार, चित्रपटांचा धंदा, स्कॉच मद्याची आयात अशा अनेक मार्गांनी त्यांनी अफाट संपत्ती जोडली. १९३८ मध्ये ते इंग्लंडमध्ये अमेरिकेचे राजदूत म्हणून गेले. पुढे त्यांचा मुलगा जॉन अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला. नऊ मुलांच्या या घरात १९१८ साली जन्मलेली थोरली मुलगी रोझमेरी मात्र मागे पडू लागली. लिहिण्या-वाचण्यात तिची गती कमी, मोठेपणी स्वभाव तापट. घराण्याच्या नावाला बट्टा लागेल, मुलांच्या राजकीय भवितव्याला अडथळा होईल, या भीतीने वडिलांना घेरले. १९४१ च्या नोव्हेंबरात, पत्नीलाही न विचारता, त्यांनी तेवीस वर्षांच्या रोझमेरीच्या मेंदूवर त्या काळी नव्याने निघालेली लोबोटोमीची शस्त्रक्रिया करवून घेतली. नाचणारी, हसणारी, डायरी लिहिणारी ती मुलगी शस्त्रक्रियेनंतर धड चालू शकली नाही, धड बोलू शकली नाही. तिला दूर ठेवण्यात आले. १९४९ पासून विस्कॉन्सिनमधील एका धर्मसंस्थेच्या आश्रयाला ती राहिली. अनेक वर्षे घरात तिचे नावही फारसे निघत नसे. बाहेरच्यांना काही तरी जुजबी कारण सांगितले जाई.

पैशाची कमतरता नसलेल्या घराने लेक गमावली, आणि ज्या घरात उद्याची चूल कशी पेटेल याची भ्रांत होती त्या घराने ती राखली. दोष केवळ एका वडिलांचा नव्हता. त्या काळच्या नामांकित डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया उचलून धरली होती. परंतु लपवण्याची घाई डॉक्टरांची नव्हती. ती घराण्याची होती.

रोझमेरीची धाकटी बहीण युनिस हिला ही गोष्ट आयुष्यभर सलत राहिली. लहानपणी ती रोझमेरीबरोबर पोहत असे, शिडाच्या नावेतून फिरत असे. बहिणीला काय काय जमते हे तिने डोळ्यांनी पाहिले होते. १९६२ साली एका आईचा तिला दूरध्वनी आला. उन्हाळ्याच्या सुट्टीतील शिबिरे आपल्या मुलाला घ्यायला तयार नाहीत, अशी त्या आईची तक्रार होती. युनिस केनेडी श्रायव्हर यांनी मेरीलँडमधील आपल्या घराच्या आवारातच शिबिर भरवले. मुले पोहली, घोड्यावर बसली, चेंडू खेळली. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी एका मोठ्या खपाच्या साप्ताहिकात लेख लिहून बहिणीची हकिगत जगासमोर ठेवली. त्या वेळी भाऊ राष्ट्राध्यक्षपदावर होता आणि वडील हयात होते. घराची झाकली मूठ घरच्याच बाईने उघडली, आणि त्याने घराण्याची अब्रू गेली नाही.

पुढे २० जुलै १९६८ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्ड या विशाल क्रीडांगणावर पहिले ‘स्पेशल ऑलिम्पिक्स’ भरले. शिकागोतील एका तरुण क्रीडाशिक्षिकेने त्याची कल्पना मांडली होती. अमेरिकेच्या २६ राज्यांतून आणि कॅनडातून सुमारे १००० खेळाडू आले. धावणे, पोहणे, फ्लोअर हॉकी असे मोजके खेळ होते. प्रेक्षकांची बाके जवळपास रिकामीच होती. आज १७० हून अधिक देशांत ही चळवळ पसरली आहे, आणि तिचा आरंभ त्या रिकाम्या बाकांसमोर झाला.

येथे एक घोटाळा दूर करणे अवश्य आहे. स्पेशल ऑलिम्पिक्स आणि पॅरालिम्पिक या दोन निराळ्या स्पर्धा आहेत. पॅरालिम्पिकमध्ये जगातील सर्वांत वेगवान कोण हे ठरते आणि पदके तिघांनाच मिळतात. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये आठ वर्षांवरील, बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या कोणालाही खेळता येते. आधी प्राथमिक फेऱ्या होतात. त्यांतील कामगिरी, वय आणि स्त्री-पुरुष हा भेद पाहून तीन ते आठ जणांचे गट पाडले जातात. शंभर मीटर अंतर चौदा सेकंदांत पार करणारा चौदा-पंधरा सेकंदवाल्यांशी धावतो, आणि चाळीस सेकंद घेणारा त्याच्याच तोडीच्या मंडळींशी. त्यामुळे प्रत्येक शर्यत चुरशीची होते. यात दया नाही. उलट प्रत्येकाला जिंकण्याची आणि हरण्याची खरी संधी आहे. ज्याला घरात सगळेच मुद्दाम जिंकू देतात, त्या मुलाला हरण्याचा हा हक्क किती मोठा वाटत असेल याची कल्पना करून पाहावी.

१९७० च्या सुमारास लॉरेटा या मैदानावर आली. संरक्षित कार्यशाळेत काम करीत असताना एका समाजसेविकेने तिच्यातील वेग हेरला होता. संताप बाहेर पडायला वाट मिळाली, शिस्त लावणारे प्रशिक्षक मिळाले, आणि तिला ओलांडून न बोलता तिच्याशीच बोलणारी माणसे मिळाली. ती स्पेशल ऑलिम्पिक्सच्या पदकांवर थांबली नाही, हे विशेष. सर्वसाधारण धावपटूंच्या शर्यतींत ती उतरली. मॅरेथॉनचे अंतर ४२ किलोमीटरांहून थोडे अधिक. अशा २६ मॅरेथॉन तिने पूर्ण केल्या. तिची सर्वोत्तम वेळ ३ तास ३ मिनिटांची, म्हणजे दर किलोमीटरला साधारण ४ मिनिटे २० सेकंद, आणि तेही न थांबता तीन तास. जगप्रसिद्ध बोस्टन मॅरेथॉनमध्ये ती महिलांच्या पहिल्या शंभरांत आली. सकाळी फिरायला जाणाऱ्या कोणाही सुदृढ गृहस्थाने एकच किलोमीटर या वेगाने धावून पाहावा, म्हणजे या आकड्यांमागचा घाम कळेल. बोस्टनच्या रस्त्यावर ती धावली तेव्हा तिला कोणी वेगळा गट दिला नव्हता, की कोणी सूट दिली नव्हती.

याच्याबरोबरीने तिने कराटे शिकले आणि काळ्या पट्ट्याची चौथी श्रेणी मिळवली. चार वर्षांची होईपर्यंत एक शब्द न उच्चारलेली ही मुलगी पुढे चार भाषांतून संवाद साधू लागली, आणि कर्णबधिरांची अमेरिकन सांकेतिक भाषाही तिने आत्मसात केली.

इतकी कर्तबगारी दाखवणारे खेळाडू अनेक असतात. बहुतेकांचा प्रवास पदकांच्या कपाटापाशी संपतो. लॉरेटाने पुढचे पाऊल टाकले ते व्यासपीठावर, आणि म्हणूनच हा लेख.

येथून पुढे त्यांचा उल्लेख ‘त्या’ असाच करणे योग्य. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला आयुष्यभर ‘ती’ आणि ‘तो’ म्हणण्याची सवय सगळीकडेच आहे. पन्नाशी उलटलेले काका असले, तरी घरातली शाळकरी मुलेसुद्धा त्यांना एकेरी हाक मारतात, आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. प्रेमाने म्हणतात हे खरे. पण त्याच प्रेमाने त्यांचे मतही विचारायचे राहून जाते.

सुरुवातीची अनेक वर्षे स्पेशल ऑलिम्पिक्समध्येही हेच घडत होते. खेळाडू मैदानात, आणि निर्णय घेणारे सारे बुद्धिमान, सुशिक्षित लोक कार्यालयात. ज्यांच्यासाठी संस्था चालते त्यांनाच सभेत खुर्ची नाही, हे विसंगत आहे असे हळूहळू जाणवू लागले. मग खेळाडूंना भाषण करणे, सभा चालवणे, प्रशिक्षक आणि पंच होणे, संचालक मंडळावर काम करणे यांचे शिक्षण देण्याचा उपक्रम सुरू झाला. लॉरेटा क्लेबोर्न या वाटेने गेलेल्या पहिल्या काही जणांपैकी. त्या आंतरराष्ट्रीय संचालक मंडळावर गेल्या, आणि पुढे संस्थेने त्यांना ‘चीफ इन्स्पिरेशन ऑफिसर’ हे पद दिले.

मंडळावर नाव घालणे सोपे असते. कागदावरचे सभासद आणि मिटिंगपुरत्या सह्या यांची व्यापारी मंडळींना पुरेपूर ओळख आहे. खरे सभासदत्व द्यायचे तर थोडे कष्ट पडतात. सभेची कागदपत्रे आठवडाभर आधी द्यावी लागतात आणि ती सोप्या, छोट्या वाक्यांत लिहावी लागतात. शेजारी एक विश्वासू सहायक बसतो. तो मुद्दा समजावून सांगतो, पण मत मात्र देत नाही. अध्यक्षाला गती कमी करावी लागते. प्रश्न विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबावे लागते. मध्येच दुसऱ्याने वाक्य पुरे करायचे नाही. अशा रीतीने सभा चालवू लागल्यावर अनेकांना असा अनुभव येतो, की इतर सभासदही तोवर न समजताच माना डोलावत होते आणि आता त्यांनाही विषय कळू लागला आहे.

लॉरेटा देशोदेशी बोलू लागल्या. शाळांतून, विद्यापीठांतून, लोकप्रतिनिधींपुढे. १९९५ मध्ये क्विनिपियॅक महाविद्यालयाने आणि २००३ मध्ये व्हिलानोव्हा विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ज्या राज्याने एकेकाळी अशा मुलांना शाळेची दारे बंद ठेवली होती, त्याच पेनसिल्व्हेनियातले हे व्हिलानोव्हा. १९९६ साली त्यांना आर्थर ॲश धैर्य पुरस्कार मिळाला. थोर टेनिसपटू आर्थर ॲश यांच्या नावाचा हा पुरस्कार पुढच्याच वर्षी महंमद अली यांना आणि काही वर्षांनी नेल्सन मंडेला यांना दिला गेला, यावरून त्याची उंची ध्यानात येईल. लॉरेटा यांच्या हाती तो अभिनेते डेंझेल वॉशिंग्टन यांनी दिला. २००० साली डिस्नेने त्यांच्या जीवनावर दूरचित्रवाणीसाठी चित्रपट काढला. इतके झाल्यावर एखाद्याने मानपत्रे सांभाळत स्वस्थ बसले असते. त्यांनी मात्र आपल्यासारख्यांना भाषण करता यावे, सभेत बसता यावे, यासाठीच आपले नाव खर्ची घातले.

या साऱ्या बोलण्याने प्रत्यक्षात काय बदलले, असा प्रश्न हिशेबी वाचक विचारील, आणि तो विचारलाही पाहिजे.

एक बदल आरोग्याचा. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला दात दुखला तर नीट सांगता येत नाही. दिसत कमी असले तरी कळत नाही, कारण तिला तेच नेहमीचे वाटते. ती चिडचिड करते, आणि घरचे व डॉक्टर दोघेही म्हणतात, ‘त्याचा स्वभावच तसा’. रोगाला स्वभाव समजण्याची ही चूक फार महाग पडते. १९९७ पासून स्पेशल ऑलिम्पिक्सच्या स्पर्धांच्या जोडीने डोळे, दात, कान यांची मोफत तपासणी सुरू झाली. वर्षानुवर्षे चुकीच्या किंवा विनाचष्म्याच्या दृष्टीने खेळणारे खेळाडू त्यात सापडले. काही जणांना तर जग स्पष्ट दिसते ते चष्मा लागल्यावर पहिल्यांदाच. घरात अशी व्यक्ती असेल, तर वर्षातून एकदा दंतवैद्याकडे आणि नेत्रतज्ज्ञाकडे नेणे, तिची काही तक्रार नसली तरी नेणे, हा साधा नियम पाळण्याजोगा आहे.

दुसरा बदल शब्दाचा. इंग्रजीत पूर्वी ‘मेंटली रिटार्डेड’ हा वैद्यकीय शब्द होता. हळूहळू तो शाळेच्या मैदानावरची शिवी झाला. २००९ मध्ये तरुण खेळाडूंनी व विद्यार्थ्यांनी तो वापरू नये अशी मोहीम सुरू केली. त्याच सुमारास मेरीलँडमधील रोझा मार्सेलिनो या लहान मुलीच्या घरच्यांनी राज्याचा कायदा बदलून घेतला. तिच्या शाळकरी भावाने विधिमंडळापुढे साक्ष दिली. ५ ऑक्टोबर २०१० रोजी राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी ‘रोझाचा कायदा’ मंजूर केला, आणि संघराज्याच्या आरोग्य, शिक्षण व रोजगारविषयक कायद्यांतून तो जुना शब्द जाऊन ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ आले.

मराठीतही हा प्रवास झाला आहे, आणि अर्धवटच झाला आहे. ‘मतिमंद’ हा शब्द एकेकाळी सभ्य म्हणून स्वीकारला गेला, कारण त्याआधीचे वेडा, खुळा, अर्धवट हे शब्द त्याहून कठोर होते. आता ‘मतिमंद’ हाही रस्त्यावरची शिवी झाला आहे. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची नोंद आहे आणि तेथे ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ असाच शब्द आहे. मात्र १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याच्या नावात जुनाच इंग्रजी शब्द आहे. दुकानात हिशेबात चुकलेल्या पोऱ्याला गल्ल्यावरून जी हाक मारली जाते, ती कायद्याने बदलणार नाही. ती मालकालाच बदलावी लागेल.

या कायद्यांचा उल्लेख आलाच आहे, तर व्यापारी कुटुंबांना उपयोगी पडणाऱ्या दोन बाबी येथे सांगितल्या पाहिजेत. त्यांविषयी घरोघरी गैरसमज आहेत.

पहिली बाब वारशाची. जुन्या हिंदू कायद्यात जन्मतः बुद्धिहीन ठरलेल्या व्यक्तीला वारसा मिळत नसे. १९२८ च्या सुधारणेने इतर व्यंगांची अट काढली, पण ही तेवढी ठेवली. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम २८ ने ती संपवली. कोणताही रोग, दोष किंवा व्यंग या कारणाने वारसाहक्क जात नाही, असे ते कलम सांगते; आणि हा कायदा जैनांनाही लागू आहे. तरीही वाटणीच्या वेळी ‘त्याला काय कळते, त्याचा वाटा थोरल्याच्या नावे करून टाकू, थोरला सांभाळेल’ असे सहज ठरते. थोरला सांभाळतोही. पण थोरल्याच्या माघारी त्याची मुले, त्यांची भागीदारी, त्यांचे कर्ज, यांत तो वाटा कोठे जातो याचा रोजमेळ कोणी ठेवत नाही. गिऱ्हाइकाचा रुपया वहीत मांडणाऱ्या पेढीने भावाचा वाटा तोंडी ठेवावा, हे आश्चर्यच.

दुसरी बाब पालकत्वाची. मूल १८ वर्षांचे झाले की आईवडील त्याचे कायदेशीर पालक आपोआप राहत नाहीत; त्याची समज कितीही कमी असो. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घ्यावा लागतो. बँकेच्या व्यवहारात किंवा मालमत्तेच्या कागदांत अडचण आल्यावरच पुष्कळांना हे कळते, आणि तोवर वडील थकलेले असतात. याच न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना असून तिच्यात एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते.

पालक नेमणे आणि मत काढून घेणे यांत मात्र फरक आहे. सह्या पालक करील. पण सकाळी काय ल्यायचे, दुकानात बसायचे की घरी, कोणत्या आत्याकडे राहायला जायचे, हे त्या व्यक्तीला विचारता येते. मालाच्या थप्प्या लावणे, पार्सले बांधणे, बिले क्रमाने लावून ठेवणे ही कामे अनेक जण चोख करतात, आणि केल्याचा पगार मिळाला तर तो जपूनही ठेवतात. भाऊ आहे म्हणून फुकट राबवणे आणि भाऊ आहे म्हणून काहीच करू न देणे, दोन्हीही सारखेच चुकीचे.

भारतातही मैदाने ओस नाहीत. २०२३ च्या जूनमध्ये बर्लिनला झालेल्या स्पेशल ऑलिम्पिक्सच्या जागतिक स्पर्धेतून भारतीय खेळाडू २०२ पदके घेऊन आले. त्यांत ७६ सुवर्ण होती. वर्तमानपत्रांत ती बातमी आतल्या पानावर आली आणि गेली. पॅरालिम्पिकमध्येही बौद्धिक दिव्यांगत्वाचा स्वतंत्र वर्ग आहे. सिडनीच्या २००० च्या स्पर्धेत स्पेनच्या बास्केटबॉल संघाने धडधाकट खेळाडू घुसवल्याचे उघडकीस आल्यावर हा वर्ग बंद करण्यात आला होता. लबाडी धडधाकटांची, आणि बारा वर्षे वनवास भोगला तो खऱ्या खेळाडूंनी. लंडनला २०१२ मध्ये तो पुन्हा सुरू झाला.

त्याच वर्गात तेलंगणातील वरंगळ जिल्ह्याच्या कल्लेडा गावची दीप्ती जीवनजी धावते. तिच्याही लहानपणी शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणि नातलगांनी आईवडिलांना सुचवले होते, की या मुलीला अनाथाश्रमात टाका. शेतमजुरी करणाऱ्या त्या दोघांनीही, यॉर्कच्या त्या माउलीप्रमाणेच, ऐकले नाही. शाळेच्या एका स्पर्धेत प्रशिक्षकांची नजर तिच्यावर पडली. २०२४ च्या मे महिन्यात जपानमधील कोबे येथे तिने ४०० मीटर अंतर ५५.०७ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला, आणि सप्टेंबरात पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकले. त्याआधीच्या वर्षी आशियाई पॅरा स्पर्धेत तिला सुवर्णपदक मिळाले होते. अडचणीच्या काळात तिच्या वडिलांना शेतजमीन विकावी लागली होती. सुवर्णपदकाच्या बक्षिसाचे पैसे हाती येताच दीप्तीने ती जमीन परत विकत घेऊन आईवडिलांना दिली.